शीघ्रवाचन : वेग आणि अर्थ

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीपासून अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर. तिथली पुस्तकांची दुकाने पाहिली की हे सारे केव्हा वाचून व्हायचे, असा धाक वाटे. म्हणून मोबाइलवर शीघ्रवाचनाचे एक साधन घेतले.

वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारते, प्रत्येक टप्प्यावर सुमारे पाव सेकंद थांबते आणि अधूनमधून मागेही वळते. २०१४ साली गाजलेल्या 'स्प्रिट्झ'सारख्या तंत्रात शब्दच एकामागून एक, एकाच जागी डोळ्यांपुढे येतात. उड्या वाचतात, पण मागे वळण्याची वाट बंद होते.

मराठीत ही वाट फार मोलाची. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'हा मुलगा दोषी आहे असे मला वाटत नाही', यातला शेवटचा शब्द निसटला की निर्दोष माणूस दोषी ठरतो! परीक्षेआधी एक प्रकरण मी असेच झपाट्याने संपवले आणि लेखकाने खोडून काढलेले मत त्याचेच म्हणून लिहून आले. वेग फार वाढवला की आकलन घटते, हाच निष्कर्ष कीथ रेनर व सहकाऱ्यांच्या २०१६ सालच्या आढाव्यातही आहे.

चाळण्यापुरता वेग हवाच. परंतु चौथी शिकलेली माझी आई ओळीवर बोट ठेवून वर्तमानपत्र वाचते, त्याची मला पूर्वी लाज वाटे. आता अवघड उतारा आला की माझेही बोट ओळीवर जाते.