खुराडे गच्च बंद करू नका

बारामती-इंदापूर पट्ट्यात पहाटेचा पारा उतरला की खुराड्याला चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळले जाते. कोंबड्याच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पिसे फुलवून मोठा पक्षी इथली थंडी सहज काढतो. बाधतो तो ओलावा. बंद खुराड्यात श्वासाची वाफ साचते, तूस भिजते, विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे आणि श्वासनलिका सुजतात. खाली वाकून वास घ्या. नाकाला झोंबला तर पक्ष्याला त्रास आधीच सुरू झालाय. गोणपाट वाऱ्याच्या बाजूला बांधा, वर वीतभर फट ठेवा. शेगडी आत नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिल्या आठवड्यातल्या पिलांना मात्र ३२ ते ३५ अंशांची ऊब हवी. बल्बखाली ती एकमेकांवर चढली तर गारठलीत, लांब पळाली तर बल्ब वर घ्या.