दहा वर्षं, दोन बॉडी आणि एक अदलाबदल

जुलै 2008 मध्ये निकॉनचा डी700 आला आणि दोनच महिन्यांनी कॅननचा फाइव्ह डी मार्क टू. छायाचित्रण मनापासून करणाऱ्यांमध्ये पुढे दहा वर्षं जो वाद रंगला, तो या जोडीपासून. त्याआधी बॉडी निवडताना फारसा विचार करावा लागत नसे. 1999 च्या निकॉन डी1 मध्ये 2.7 मेगापिक्सेल होते, 2002 च्या कॅनन वन डीएसमध्ये 11. पिक्सेल जास्त तेवढा प्रिंट मोठा, एवढ्यावर निकाल लागे. 2005 च्या पहिल्या फाइव्ह डीने 12.8 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर साडेतीन हजार डॉलरच्या आत आणला आणि फिल्मवर वाढलेल्यांना आपली वाइड लेन्स पुन्हा खरोखर वाइड दिसू लागली.

2008 च्या जोडीने मात्र पेच टाकला. डी700 मध्ये निकॉनने आपल्या सर्वांत महागड्या डी3 चा 12.1 मेगापिक्सेलचा सेन्सर आणि त्याचीच 51 बिंदूंची फोकस यंत्रणा जशीच्या तशी बसवली. पिक्सेल कमी, पण आकाराने मोठे, त्यामुळे आयएसओ 3200 ला काढलेला फोटो बिनधास्त छापता येई. कॅननने 21.1 मेगापिक्सेल दिले, फुल एचडी व्हिडिओ दिला, आणि फोकस ठेवला 2005 सालचाच, 9 बिंदूंचा.

त्या 9 बिंदूंची किंमत लग्नाच्या हॉलमध्ये कळायची. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि नवरीचा चेहरा फ्रेमच्या कडेला असतो. मार्क टू वापरणारा भरवशाच्या मधल्या बिंदूने फोकस धरून मग फ्रेम सरकवायचा. लेन्स 1.4 ला उघडी असेल तर तेवढ्या सरकण्यातही डोळ्यांवरचा फोकस कानावर जाई. डी700 वाल्याला बाजूचा बिंदू निवडून थेट बटण दाबता येई. माझं मत तेव्हापासून कायम आहे: कॅमेरा म्हणून डी700 सरस होता, सेन्सर मार्क टूचा सरस होता. व्हिडिओने मात्र मार्क टूला भलतंच मोठं केलं. ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेच्या मे 2010 मध्ये संपलेल्या हंगामाचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला. डी700 मध्ये व्हिडिओची सोयच नव्हती.

मग 2012 उजाडलं आणि दोघांनी जागा बदलल्या. निकॉनच्या डी800 ने 36.3 मेगापिक्सेल आणले, पण वेग सेकंदाला 4 फ्रेमचा आणि एकेक रॉ फाइल 40 एमबीच्या पुढची. कॅननच्या मार्क थ्रीने 22.3 मेगापिक्सेलवर थांबून 61 बिंदूंचा फोकस आणि 6 फ्रेम दिल्या. डी700 वर जीव असलेल्या बातमीदारीच्या छायाचित्रकारांना हवा असलेला वारस कॅननच्या घरात जन्मला होता!

तरीही डी800 ची खरी ताकद पिक्सेलमध्ये नव्हती, ती सावल्यांत होती. त्याच्या सेन्सरमध्ये प्रत्येक स्तंभापाशीच विद्युत संकेताचे आकडे होत. कॅननमध्ये तो संकेत सेन्सरबाहेरच्या परिपथापर्यंत जाई आणि वाटेत त्यात नॉइज मिसळे. दोन्ही कॅमेऱ्यांवर उन्हाच्या हिशेबाने एक्सपोजर ठेवून देवळाचा सभामंडप टिपा आणि नंतर गाभाऱ्याचा काळोख उजळून पाहा. डी800 च्या फाइलमध्ये दगडाचा पोत वर येई, मार्क थ्रीच्या फाइलमध्ये रंगीत दाणे आणि पट्टे. डीएक्सओमार्कच्या मोजणीत निकॉनची डायनॅमिक रेंज 14 स्टॉपच्या वर होती, कॅननची 12 च्या आत. निसर्गचित्रं काढणाऱ्यांसाठी हा फरक पिक्सेलच्या फरकाहून मोठा होता, आणि कॅननला तो भरून काढायला 2016 च्या मार्क फोरपर्यंत वेळ लागला. चार वर्षं हा उशीरच आहे.

पक्षी आणि प्राणी टिपणाऱ्यांची वाट वेगळी. कॅननचा 2014 चा सेव्हन डी मार्क टू आणि निकॉनचा 2016 चा डी500, दोन्ही लहान सेन्सरचे, दोन्ही सेकंदाला 10 फ्रेमचे. ताडोबात जिप्सीतून वाघ टिपताना 400 मिमीची लेन्स 600-640 सारखी जवळ आणते, हे गणित तिथे कामी येतं.

ऑगस्ट 2017 मध्ये निकॉनने डी850 जाहीर केला आणि नऊ वर्षांची तुटातूट एका बॉडीत मिटली: 45.7 मेगापिक्सेल, डी5 चा 153 बिंदूंचा फोकस, 7 फ्रेम, खालचा आयएसओ 64. डीएसएलआरमध्ये इतकं काही एकत्र कोणीच दिलं नव्हतं. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये निकॉनचे झेड6 आणि झेड7 आले, सप्टेंबरात कॅननचा ईओएस आर, आणि डीएसएलआरमधला आरसाच गेला.

तिथेही जुना एक निर्णय आडवा आला. कॅननने 1987 मध्ये माउंट बदलून फोकसची मोटर लेन्समध्येच घातली होती, म्हणून ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर पूर्ण ऑटोफोकसने चालतात. निकॉनच्या एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर लागते आणि ती निकॉनच्या अडॅप्टरमध्ये नाही. त्या लेन्स ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी डी850 विकायची घाई करू नये.