माशांच्या टाकीची मोठी गाळणी : आधी पारखा, मग भरवसा ठेवा



डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात आणि डबक्यात सोडले जाणारे गप्पी मासे तुमच्या ओळखीचे आहेतच. त्याच गप्पीची रंगीत जात, मॉली, गोल्डफिश असे शोभेचे मासे आता गावोगावच्या घरांतूनही काचेच्या टाकीत दिसू लागले आहेत. कोणी हौस म्हणून ठेवतो, तर कोणी मासे वाढवून शहरातल्या दुकानदाराला विकतो. टाकी मोठी झाली आणि मासे वाढले की पाणी गढूळ होते, वास मारू लागते. मग दुकानदार सांगतो, "मोठा कॅनिस्टर फिल्टर बसवा, काळजी मिटली." ही वस्तू काही हजार रुपयांना पडते. म्हणून ती काय काम करते आणि ती कशी पारखून घ्यावी, हे या पत्रिकेत सांगत आहोत.

गाळणी कशी असते?

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे झाकणबंद डबा. तो टाकीच्या खाली, जमिनीवर ठेवतात. एका नळीतून टाकीचे पाणी आपोआप खाली डब्यात उतरते. पाटाचे पाणी नळीने सायफन करतो ना, तसेच. डब्याच्या डोक्यावर लहान विजेचा पंप असतो. तो गाळलेले पाणी दुसऱ्या नळीने वर टाकीत सोडतो. डब्यात टोपल्यांचे थर असतात. पाणी ज्या बाजूने आत येते तिकडून पहिला थर जाड स्पंजाचा, दुसरा चिनी मातीच्या सच्छिद्र रिंगांचा आणि शेवटचा बारीक कापसासारख्या धाग्यांचा ठेवावा. जाड स्पंज काडीकचरा आणि विष्ठा अडवतो, बारीक धागे गढूळपणा काढतात. मधल्या रिंगा कशासाठी, तेच समजून घेण्यासारखे आहे.

खरे काम डोळ्यांना न दिसणारे

मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया होतो. हा अमोनिया माशांना विष आहे. पाण्याचा सामू जितका जास्त आणि पाणी जितके गरम, तितका तो अधिक घातक. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड व विम्लधर्मी असते, म्हणून आपल्याला जास्त जपावे लागते.

आता शेतातली गोष्ट आठवा. तुम्ही अमोनियम सल्फेट किंवा युरिया टाकता. जमिनीतले जिवाणू त्यातल्या नत्राचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पिके नत्राचा मोठा भाग नायट्रेटच्या रूपात घेतात. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. अगदी हेच काम गाळणीतल्या रिंगांवर आणि स्पंजावर वाढणारे जिवाणू करतात. अमोनियाचे नायट्राइट होते. तेही विषारीच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. नायट्राइटचे पुढे नायट्रेट होते. ते मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात आणि पाणी बदलले की निघून जाते.

म्हणजे गाळणी ही चहाच्या गाळणीसारखी निर्जीव वस्तू समजू नका. तिच्यात जिवंत वस्ती असते. नव्या गाळणीत ही वस्ती नसते. पाणी दोन दिवसांत आरशासारखे स्वच्छ दिसेल, पण त्यात अमोनिया साठत असेल. पाणी स्वच्छ दिसते म्हणून बरेच जण एकदम पन्नास मासे सोडतात आणि आठवड्याभरात मासे मरू लागतात. दोष मात्र माशांना आणि दुकानदाराला दिला जातो.

खरेदीआधी हिशेब करा

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असेल तर ती ९ घनफुटांची झाली. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे टाकीत २५० लिटर. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता २२० ते २२५ लिटर धरा. टाकीतले सगळे पाणी तासाला साधारण चार वेळा गाळणीतून फिरावे, असा ठोकताळा आहे. म्हणून आपल्याला तासाला ९०० लिटरची गाळणी लागेल.

खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. तो बहुधा रिकाम्या डब्याचा आणि पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. थर भरले आणि पाणी तीन-चार फूट वर चढवावे लागले की तो आकडा बराच उतरतो. म्हणून गरजेपेक्षा दीडपट आकड्याची गाळणी पाहावी.

विजेचा खर्चही मोजा. २५ वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तर महिन्याला १८ युनिट वीज लागते.

आणखी एक विचार करा. पिल्ले काढण्याच्या लहान लहान टाक्या असतील तर ही मोठी गाळणी त्यांच्या कामाची नाही. तिच्या ओढीने पिल्ले नळीत खेचली जातात. तिथे हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो आणि स्वस्तही पडतो. मोठी गाळणी एका मोठ्या टाकीला, विशेषतः खूप घाण करणाऱ्या गोल्डफिशसारख्या माशांना शोभते.

चाचणी कशी घ्यावी?

पहिला दिवस, गळती : गाळणी घमेल्यात ठेवून पाणी भरा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी घमेले कोरडे पाहिजे. झाकणाखालच्या रबरी रिंगेत वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपते. रिंग स्वच्छ पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावावे. पंप कोरडा कधीही चालवू नये.

दुसरा दिवस, बादलीचे माप : बाहेर येणारी नळी टाकीच्या काठाच्या उंचीवर १५ लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. बादली एका मिनिटात भरली तर गाळणी तासाला ९०० लिटर पाणी देते. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढे गाळणी कधी धुवायची ते हाच आकडा सांगेल.

तिसरा दिवस, वीज गेल्याची तालीम : मुद्दाम अर्धा तास बटण बंद करा आणि पुन्हा चालू करा. पंपाने आपोआप पाणी ओढायला हवे. नुसता घरघर आवाज येत असेल तर आत हवा अडकली आहे, ती काढून पुन्हा पाहा. परत येणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीजवळच ठेवावे. खाली नळी निसटलीच तर त्या वाटेने सगळी टाकी जमिनीवर रिकामी होणार नाही.

पुढचे सहा आठवडे, विरजण : दूध नुसते ठेवून चांगले दही लागत नाही, विरजण लागते. इथेही तसेच आहे. जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या जुन्या गाळणीचा मळका स्पंज न धुता नव्या डब्यात ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे जुनी गाळणी काढूच नका. दोन्ही गाळण्या त्याच टाकीवर चार ते सहा आठवडे जोडीने चालवा, मगच जुनी उतरवा. विरजण मिळालेच नाही तर मोजके चिवट मासे ठेवा, चिमूटभरच खाद्य द्या आणि मधून मधून थोडे पाणी बदला. थंडीच्या दिवसांत जिवाणूंची वाढ सावकाश होते, तेव्हा घाई नको.

शोभेच्या माशांच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. दोन्हींचे माप शून्य येऊ लागले की गाळणी तयार झाली असे समजावे. त्यानंतरही मासे थोडे थोडे, आठवड्याच्या अंतराने वाढवावेत. मासे पाण्याच्या वर येऊन तोंडे उघडू लागले तर ताबडतोब पाव हिस्सा पाणी बदलावे आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये.

वीज गेली तर?

आपल्या गावच्या परिस्थितीत सगळ्यात जास्त लक्ष इकडे द्यायला हवे. गाळणीतल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. पंप थांबला की बंद डब्यातला प्राणवायू संपत जातो. मग आत गोबर गॅससारखा कारभार सुरू होतो. हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि बिनहवेचे जिवाणू घाण कुजवू लागतात. वीज आली की पंप हे सडके पाणी एका झटक्यात टाकीत ढकलतो. वीज नसताना तग धरलेले मासे वीज आल्यावर मरतात, त्याचे एक कारण हे आहे.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे :

१. वीज थोडा वेळच गेली तर काही करू नये.

२. दोन-तीन तासांहून अधिक वेळ गेली तर पंपाची पिन काढून ठेवा, म्हणजे वीज आल्यावर तो आपोआप सुरू होणार नाही. वीज आली की डबा उघडा, आतले पाणी ओतून द्या, थर टाकीच्याच पाण्यात विसळा आणि मग पंप सुरू करा.

३. बॅटरीवरचा हवेचा लहान पंप घरात ठेवा. तो नसेल तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहा. वीज नसताना खाद्य देऊ नका.

४. टाकी मळ्यात असून वीज शेतीपंपाच्या लाईनवरची असेल तर निव्वळ या गाळणीवर विसंबू नका. सोबत बॅटरीवर चालणारा स्पंज फिल्टर ठेवा.

धुताना घ्यायची काळजी

पाण्याची धार तिसऱ्या हिश्शाने कमी झाली, म्हणजे मिनिटाला भरणारी बादली दीड मिनिट घेऊ लागली, की गाळणी धुवावी. नळाच्या पाण्यात मात्र धुऊ नये. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. त्यातले क्लोरीन आपल्या पोटासाठी चांगले असले तरी गाळणीतल्या जिवाणूंचा नाश करते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दाबून धुवा आणि रिंगा नुसत्या हलवून घ्या. सगळे थर एकाच दिवशी धुऊ नका. साबण लावू नका. टाकीत नवे टीसीएलचे पाणी भरायचे तर ते रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरा.

फवारणीला वापरलेली बादली, नळी किंवा मग माशांच्या कामाला कधीही घेऊ नका. कितीही धुतले तरी कीटकनाशकाचा अंश राहतो आणि तेवढाही माशांना पुरे होतो. तुमचे हातही फवारणीनंतर साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळूनच टाकीत घालावेत.

गाळणी बसवली म्हणून पाणी बदलणे चुकत नाही, कारण नायट्रेट टाकीतच साठते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढा. मीठ किंवा औषध टाकलेले नसेल तर ते परसातल्या वांगी-मिरचीला घाला. त्यात नत्र आहे, वाया का घालवायचे?

विजेची वायर बटणाच्या खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बटणात शिरणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. घरात अर्थिंग आणि गळती-रोधक स्विच असणे जरुरीचे आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• बादली आणि घड्याळ लावून धार मोजा.
• जुन्या स्पंजाचे विरजण लावा. चार ते सहा आठवडे दोन्ही गाळण्या जोडीने चालवा.
• पाणी स्वच्छ दिसते म्हणून मासे भरू नका, अमोनिया तपासा.
• बराच वेळ बंद पडलेली गाळणी न धुता सुरू करू नका.
• टीसीएलच्या पाण्यात गाळणी धुऊ नका.

शोभेचे मासे जोडधंदा म्हणून करायचे असतील तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरगुती शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश झालेला होता. आज कोणती सवलत चालू आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी आणि मगच पैसे गुंतवावेत. सुरुवात एका टाकीने करा. ती गाळणी एक पावसाळा आणि एक हिवाळा नीट चालली, तर दुसरीचा विचार करायला हरकत नाही.