फोनच्या कोडवरून काय कळते, काय नाही

अनोळखी फोन आला की सुरुवातीच्या आकड्यांवरून तो कुठून आला हे कळते, असा अनेकांचा समज असतो. लँडलाइनबाबत तो बराचसा बरोबर आहे. तिथे एसटीडी कोड (त्या भागाचा सांकेतिक क्रमांक) असतो : मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०, नागपूरचा ०७१२, गोव्याचा ०८३२. मोबाइलला असा शहराचा कोड नसतो. त्या क्रमांकाची मालिका मुळात कोणत्या कंपनीला, कोणत्या सर्कलमध्ये (दूरसंचार सेवेच्या विभागात) दिली होती, एवढेच त्याच्या पहिल्या आकड्यांवरून समजते. गाडीच्या ‘एमएच १२’ या पाटीवरून तिची नोंदणी पुण्याची आहे हे कळते. आज ती कुठे आहे आणि कोण चालवते आहे, हे कळत नाही. तसेच हे. शिवाय जुलै २०१५ पासून क्रमांक तोच ठेवून देशातल्या दुसऱ्या सर्कलमध्येही सेवा घेता येते. स्पूफिंगमध्ये (खोटा क्रमांक दाखवण्याच्या प्रकारात) तर एसटीडी कोडही बनावट असू शकतो.

म्हणून ओळखीच्या शहराचा कोड दिसला, समोरचा बँकेतून बोलतो म्हणाला, तरी ओटीपी सांगू नका. फोन ठेवा आणि कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः बँकेला फोन करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.