बँकांच्या संकेतस्थळांना 'डॉट बँक डॉट इन'ची ओळख

संकेतस्थळाच्या पत्त्यातील अखेरच्या अक्षरांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भारतीय बँकांनी मात्र आपल्या पत्त्याचा नेमका हाच भाग बदलला आहे. भारतीय स्टेट बँकेचे संकेतस्थळ आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' या नावाने उघडते. ग्राहकांची फसवणूक रोखणे हा या बदलामागील उद्देश आहे.

'डॉट कॉम' हा प्रत्यय १९८५ पासून वापरात आहे. तो कोणालाही शुल्क भरून घेता येतो. घेणारी संस्था खरोखर बँक आहे का, याची तपासणी होत नाही. परिणामी, नामांकित बँकेच्या नावात एखादे अक्षर बदलून किंवा मध्ये आडवी रेघ घालून बनावट संकेतस्थळ उभारणे सोपे जाते. अँग्विला या कॅरिबियन बेटाचा 'डॉट एआय' प्रत्यय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील अनेक कंपन्यांनी घेतला आहे. तोही सर्वांना खुला असल्याने केवळ त्यावरून कंपनीची विश्वासार्हता ठरत नाही.

'डॉट बँक डॉट इन'चे वेगळेपण येथेच आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरणाच्या वेळी याची घोषणा केली. त्यानंतर २२ एप्रिलच्या परिपत्रकाद्वारे बँकांना स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत देण्यात आली. व्यापारी बँकांबरोबरच नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही हा आदेश लागू आहे. नागरी सहकारी बँकांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक असल्याने राज्यातील लहान ठेवीदारांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

या नावांची नोंदणी करण्याचा अधिकार हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेलाच देण्यात आला आहे. बँक नसलेल्या संस्थेला हा प्रत्यय मिळू शकत नाही. बँकेतर वित्तीय संस्थांसाठी 'डॉट फिन डॉट इन' असा स्वतंत्र प्रत्यय योजण्यात आला आहे.

या व्यवस्थेचा लाभ मिळण्यासाठी पत्ता नीट वाचणे आवश्यक आहे. संकेतस्थळाच्या नावाची मालकी उजवीकडून डावीकडे वाचल्यास कळते. नाव 'डॉट बँक डॉट इन'ने संपत असेल, तर ते बँकेचे आहे. परंतु 'बँक डॉट इन'च्या पुढे आणखी एखादा शब्द आणि 'डॉट कॉम' जोडलेले असेल, तर त्या नावाचा बँकेशी संबंध असेलच असे नाही. नावानंतर तिरपी रेघ देऊन येणारा मजकूर केवळ आतील पानाचा निर्देश करतो. त्यात 'बँक' हा शब्द असला तरी त्यावर विसंबू नये.

बँकांचीही एक जबाबदारी उरते. जुन्या नावाचे नूतनीकरण थांबवल्यास ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते आणि जुन्या सवयीने येणारा ग्राहक फसू शकतो. त्यामुळे जुने नाव स्वतःकडे ठेवून ग्राहकाला तेथून नव्या पत्त्यावर नेणे हिताचे ठरते.

दूरध्वनीवरून गोड बोलून सांकेतिक क्रमांक काढून घेणाऱ्यांपासून मात्र कोणताही प्रत्यय संरक्षण देऊ शकत नाही. नवा पत्ता बँकेची ओळख पटवून देतो. आपला सांकेतिक क्रमांक कोणालाही न सांगण्याची दक्षता ग्राहकाला स्वतःच घ्यावी लागेल.