टायटॅनियमचा चाकू हाताने बनवता येतो. पण विकायचा कोणाला?



हॅक्सॉ आणि कानस वापरून टायटॅनियमचा चाकू बनवायचा व्हिडिओ टाकला, त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "सर, यात बिझनेस आहे का?" एका मुलाचा मेसेज तर असा होता: "८० हजार साठवलेत. नोकरी सोडतोय. मशीन कुठलं घेऊ?"

तो मेसेज वाचून मला माझीच पहिली बॅच आठवली. म्हणून आज बनवायची पद्धत तर सांगतोच, पण त्याआधी माझा फटका ऐका.

माझी चूक: माल चांगला, गिऱ्हाईक चुकीचं

सुरुवातीला मी १२ चाकू बनवले आणि "कधीच गंजणार नाही, आयुष्यभर टिकेल" असं सांगून स्वयंपाकघरासाठी विकले. किंमत १,५०० रुपये. दोन महिन्यांत ७ परत आले. एक नाश्ता सेंटरवाले काका काउंटरवर चाकू ठेवून म्हणाले, "भाऊ, हा टोमॅटो दाबतोय, कापत नाहीये." सात जणांचे मिळून १०,५०० रुपये परत केले. पैशापेक्षा ओळखीच्या माणसांसमोर मान खाली गेली, ते जास्त लागलं.

कारण साधं होतं, ते मला आधी माहीत असायला हवं होतं. चाकूसाठी जो ग्रेड ५ टायटॅनियम वापरतात, त्यात साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याची कडकपणाची पातळी रॉकवेल सी मापावर ३६ च्या आसपास. स्वयंपाकघरातली चांगली स्टीलची सुरी ५५ ते ६० असते. मऊ धातूची धार लवकर बसते. म्हणजे रोज भाजी चिरायला टायटॅनियम हा चुकीचा धातू आहे.

बाजारात "टायटॅनियम नाइफ" म्हणून सोनेरी रंगाच्या स्वस्त सुऱ्या मिळतात, त्या बहुतेक स्टीलच्या असतात, वरून फक्त टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो. त्यांच्याशी आपली तुलना नको.

मग टायटॅनियमचा उपयोग कुठे?

तीन गुण लक्षात ठेवा.

१. खाऱ्या पाण्यात गंजत नाही. समुद्रात वापरून नुसता पुसून ठेवला तरी चालतो.
२. हलका आहे. स्टीलच्या साधारण ५६ टक्के वजन.
३. चुंबकाला चिकटत नाही. म्हणून बॉम्ब निकामी करणारी पथकं अशी हत्यारं वापरतात.

म्हणजे खरं गिऱ्हाईक कोण? स्कूबा डायव्हिंग करणारे, बोट बाळगणारे, कयाक चालवणारे, ट्रेकिंगवाले. मालवण-तारकर्ली आणि गोव्याकडे डायव्हिंग चालतं, तिथे पाण्यात दोरी किंवा जाळं अडकलं तर कापायला चाकू लागतो. मच्छीमार दादांना विकायला जाऊ नका. त्यांचं काम स्वस्तातल्या चाकूवर भागतं, गंजला की ते दुसरा घेतात. त्यांचा हिशोब बरोबर आहे.

बनवायचा कसा?

भट्टी नको, हातोडा नको. पट्टीतून आकार कापून काढायचा, एवढंच. टायटॅनियम खूप तापवलं की हवेतला ऑक्सिजन शोषून वरचा थर ठिसूळ होतो, त्यामुळे लाल करून ठोकायच्या भानगडीत पडू नका.

माल: ३ मिमी जाडीची ग्रेड ५ ची पट्टी घ्या. मुंबईत कुंभारवाडा-खेतवाडी भागात धातूचे व्यापारी तुकडे देतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि टेस्ट सर्टिफिकेटची कॉपी मागा. ग्रेड २ स्वस्त असतं, पण त्याहून मऊ.

कापणे: पुठ्ठ्याचा साचा करून स्क्राइबरने आकार आखा. इंचाला २४ दातांचं बायमेटल ब्लेड लावा. आता महत्त्वाचं: टायटॅनियम उष्णता पुढे जाऊ देत नाही, सगळी उष्णता दाताच्या टोकावरच साठते. म्हणून सावकाश, पण दाब देऊन कापा. परत येताना करवत उचला, नुसती घासू नका. घासलं की पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि ब्लेड संपतं. कटिंग ऑइल टाकत राहा.

भोक पाडणे: सेंटर पंच मारा, कोबाल्ट बिट घ्या, ड्रिल सगळ्यात कमी स्पीडवर ठेवा. ५ मिमीच्या भोकाला ५००-६०० आरपीएम पुरे. बिट कापत नसेल तर थांबा, धार बघा.

कानस: आधी जाड, मग बारीक. कानशीत कीस अडकतो आणि पट्टीवर ओरखडे पडतात, म्हणून कानशीला खडू चोळा आणि तारेच्या ब्रशने साफ करा. पात्याचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा यायला माझे पहिल्या वेळी ४ तास गेले. घाई करू नका, गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथेच बघतं.

धार: स्टीलसारखी पातळ धार ठेवू नका, वळते. प्रत्येक बाजूला २० ते २५ अंशांचा कोन ठेवा. पात्याच्या मागच्या भागात त्रिकोणी कानशीने दाते पाडा. धार बसली तरी दाते दोरी कापत राहतात.

रंग: रंग न लावता रंग येतो! पाण्यात चमचाभर खायचा सोडा, चाकू बॅटरीच्या पॉझिटिव्हला, स्टीलचा चमचा निगेटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडल्या की २७ व्होल्ट होतात आणि साधारण निळा रंग येतो. हा ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो, जाडी बदलली की रंग बदलतो. चाकूवर बोटाचा ठसासुद्धा राहू देऊ नका. हातमोजे घाला. आणि घरच्या प्लगची वीज अजिबात वापरायची नाही.

हे वाचल्याशिवाय काम सुरू करू नका

टायटॅनियमचा बारीक कीस पेटतो. एकदा घाई म्हणून मी ग्राइंडर लावला. पांढऱ्या ठिणग्या खालच्या ट्रेमध्ये पडल्या, तिथे आधीची पूड साठलेली होती. डोळे दिपतील असा पांढरा भडका उडाला. मी पाण्याची बादली उचलली, तेवढ्यात शेजारचे वेल्डिंगवाले चाचा ओरडले आणि त्यांनी वाळू ओतली. पाणी टाकलं असतं तर आग वाढली असती.

म्हणून नियम: कोरडी वाळू जवळ हवीच. कीस रोज गोळा करून बाहेर काढा. लोखंडाच्या ग्राइंडिंगची पूड त्यात मिसळू देऊ नका. गॉगल आणि मास्क लावा. सुरुवातीला ग्राइंडर नकोच.

आता हिशोब

२०० मिमी लांब, ३५ मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. कापण्यातली घट धरून १२० ग्रॅम घेऊ. भाव ४,००० रुपये किलो धरलाय, तुम्ही त्या दिवशीचा भाव विचारा.

- धातू: ४८०
- ब्लेड, बिट, पॉलिश पेपर: १५०
- म्यान: २००
- मुठीची दोरी: ६०
- तुमची मजुरी, ६ तास × १२०: ७२०
- पॅकिंग, कुरिअर: १५०

बेरीज १,७६०. दहात एक तुकडा वाया जातो, म्हणून १० टक्के वाढवा: १,९३६.

२,८०० ला थेट विकला तर ८६४ रुपये सुटतात. हाच चाकू दुकानात ठेवला आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर हातात १,९६०. म्हणजे नफा २४ रुपये! पुन्हा वाचा, चोवीस. बहुतेक जण मजुरी धरत नाहीत, म्हणून त्यांना वाटतं धंदा चाललाय. प्रत्यक्षात ते स्वतःकडेच फुकट नोकरी करत असतात.

कायद्याचं थोडं

पातं छोटं ठेवा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेले चाकू आर्म्स रूल्स २०१६ मध्ये शस्त्रांच्या यादीत येतात. खंजिरासारखा दुधारी आकार किंवा बटण दाबून उघडणारा चाकू बनवूच नका. आपल्या भागातले नियम पोलीस स्टेशनला, आणि चाकू पाठवायचे नियम कुरिअरवाल्याला आधीच विचारा.

तर, नोकरी सोडू का?

त्या मुलाला मी जे लिहिलं तेच तुम्हाला सांगतो. नाही, अजून नाही. आणि मशीनही घेऊ नकोस.

व्हाइस आणि ड्रिल ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे वापर. कानशी, हॅक्सॉ, गॉगल, मास्क मिळून दीड हजार. पाच चाकवांचा माल ४,४५०. म्हणजे ६ हजारांत पाच चाकू, तेही रविवारी. ते पाच अनोळखी माणसांना पूर्ण किमतीत विक. मामा, मित्र, ऑफिसमधला बॉस हे गिऱ्हाईक धरायचे नाहीत. तीन महिन्यांनी त्या पाच जणांना फोन कर आणि एकच प्रश्न विचार: "कशाला वापरला?" पुढचा माल कोणता बनवायचा, ते त्या उत्तरातच असेल.

मला ते उत्तर उशिरा मिळालं. आज माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतं ते निळं-जांभळं पाकीट फोडायचं पातं आणि ब्रेडला लोणी लावायची पट्टी. दोन्हीला धार लागत नाही, रंग लोकांना आवडतो, तक्रार एकही नाही. चाकू मी आता फक्त ऑर्डरवर बनवतो आणि देताना आधी सांगतो, "भाजी चिरायला नाही हा."

हे वाक्य बोलायला लागल्यापासून एकही चाकू परत आलेला नाही.

पहिला तुकडा कापलात की वजन, वेळ आणि खर्च वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण त्याच वहीवरून किंमत ठरवू. भेटू!