इगर्जीची बदललेली वेळ

रविवारची सकाळ आणि इगर्जीतील मीस यांची सांगड गोमंतकात इतकी जुनी आहे की, ती अनादि असावी असे आम्हां हिंदूंनाही वाटत आले. वस्तुस्थिती निराळी आहे. पूर्वी प्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य असे. उपाशी माणूस थांबून थांबून किती थांबणार? म्हणून मीस सकाळीच होई. परंतु कारखान्यांत पाळ्या आल्या, आगगाड्या आणि बंदरे रात्रंदिवस चालू लागली. हे ध्यानी घेऊन बाराव्या पायस पोपनी १९५३ साली सायंकाळच्या मिसाला वाट मोकळी केली, १९५७ साली अन्नाचा उपवास तीन तासांवर आणला. सहाव्या पॉल यांनी १९६४ साली तो एका तासावर ठेवला. शनिवारी सायंकाळच्या मिसानेही रविवारचे कर्तव्य पुरे होते, हे १९८३ च्या धर्मसंहितेने नमूद केले.

धर्मपीठाने लोकांच्या राहणीकडे पाहावे, ही गोष्ट आमच्या भूमीस नवी नव्हे. ओवीला सरावलेल्या कानांसाठी फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता हे खरेच. पण श्रोत्याची नाडी त्या परकीयास सापडली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे गोव्याचे तारवटी मुंबईत बोटीची वाट पाहत पडून राहू लागले, तेव्हा धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या. पेट्यांच्या रांगांपलीकडे तेथे एक वेदी असे आणि संध्याकाळी रोजारची प्रार्थना चाले. इगर्ज गावी राहिली. तिचे काम मात्र माणसांच्या मागोमाग गेले.

आज प्रश्न उलटा आहे. तरणीताठी मुले आखातात, इंग्लंडात, बोटींवर. घरात उरली वृद्ध आईबापे. मीस दूरचित्रवाणीवर दिसते, २०२० च्या महामारीत तर घराघरांत तेच होते. पण पडद्यावरून हातात प्रसाद पडत नाही आणि गुडघे कसे आहेत, अशी विचारपूसही होत नाही. येथे पाद्री महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या दारी जातात, ही प्रथा आम्हांस मोलाची वाटते. एका पाद्रीला सारे वाडे पुरे पडत नाहीत; १९७३ पासून नेमलेल्या प्रापंचिक स्त्रीपुरुषांनाही प्रसाद नेण्याची मुभा आहे.

त्याच वाड्यावर शेजारच्या हिंदू घरातही तीच कथा आहे. मुलगा पुण्यास किंवा परदेशी, म्हातारी एकटी. कुलदेवतेचे देऊळ फोंडा महालात, तेथे जत्रेला महाजन मोटारींतून येतात आणि पालखी झाली की परततात. देवस्थानांनी अग्रशाळा बांधल्या, सभामंडप वाढविले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या कुळाव्याला जत्रेस येणे झेपत नाही, त्याच्या घरी देवाचा प्रसाद घेऊन जाणारा माणूस कोणत्या देवस्थानाच्या समितीने नेमला आहे? भटजी येतात ते बोलावल्यावर, आणि बहुधा श्राद्धाला. येत्या सर्वसाधारण सभेत एखाद्या महाजनाने हा विषय मांडावा; खर्च फारसा येणार नाही, दोन-चार कुळाव्यांचे पत्ते आणि एक दुचाकी पुरेल.